कबरस्तानातील नामांकित मंडळी

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी कोल्हारच्या कबरस्तानात विसावलेल्या नामांकित मंडळींची माहिती चारपाच पानांत लिहून द्यावी, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. काम सोपे वाटले म्हणून आम्ही ते आनंदाने पत्करले. एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपल्यावर वही व पेन्सिल घेऊन आम्ही कबरस्तानाची वाट धरली, आणि दोन तासांनी वहीचे जेमतेम अर्धे पान भरून परत आलो.

प्रवराकाठची ही काळी माती पिकांस उदार असली तरी दगडांस मोठी कठोर आहे. चैत्र-वैशाखात ती हात हात भेगाळते, आषाढात फुगून वर येते. या ओढाताणीत कबरेवरचा क्रूस चारसहा वर्षांत कलतो आणि पुढे आडवा होतो. लाकडी क्रूस असला तर वाळवी तेवढाही अवधी देत नाही. तेलरंगाने लिहिलेली नावे उन्हाने उडून जातात. एका दगडावर नाव नाही, साल नाही, केवळ ‘आई’ एवढीच दोन अक्षरे कोरलेली आम्हांस आढळली. ज्याने ती कोरविली त्यास त्याहून अधिक लिहिण्याची गरज त्या वेळी वाटली नसावी. परंतु आज ती कोणाची आई, हे आम्हांस सांगणारा तेथे कोणी नव्हता.

घरी येऊन ‘नामांकित’ या शब्दाचाच आम्ही विचार करू लागलो. लोकांत हा शब्द प्रसिद्ध, मोठा, मानाचा अशा अर्थाने चालतो. परंतु त्याची फोड केली तर ज्याचे नाम अंकित झाले आहे तो नामांकित, एवढाच अर्थ निघतो. म्हणजे मोठेपणाचा संबंध पुढचा. आधी कोणीतरी दुसऱ्याने नाव कोरण्याचे कष्ट घ्यावे लागतात. ही गोष्ट ध्यानात ठेवून, आमच्या मुलखात व मराठी माणसांच्या इतिहासात मृतांना माती कोणी दिली, आणि नाव कोणी राखले, याचा थोडा धांडोळा घ्यावा असे आम्ही ठरविले. संपादकांनी मागितलेली यादी सरळ मार्गाने मिळणार नव्हती, म्हणून हा आडमार्ग. वाचकांनी थोडी कळ सोसावी.

नाशिक व नगर या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती धर्मकार्यासाठी फिरताना ज्यांनी देह ठेवला त्यांत गॉर्डन हॉल हे नाव फार जुने आहे. हे अमेरिकन गृहस्थ १८१३ साली मुंबईस उतरले. तेरा वर्षांत त्यांनी मराठी इतकी आत्मसात केली की नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांचा मोठा वाटा आहे. १८२६ च्या मार्च महिन्यात ते नाशिकास गेले, तो तेथे पटकीची साथ. जवळची औषधे रुग्णांस वाटण्यात बहुतेक सरली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला असता पटकीने त्यांनाच गाठले, आणि काही तासांत, २० मार्च रोजी, सर्व आटोपले. वय अवघे एकेचाळीस. पत्नी व मुले आधीच अमेरिकेस रवाना झालेली. बरोबर होते ते दोघे एतद्देशीय तरुण. शवपेटी कोठून आणावी? घोंगडीत गुंडाळून त्या दोघांनीच त्यांस माती दिली. हॉलसाहेबांचे चरित्र पुढे छापले गेले, त्यांचे नाव इतिहासात राहिले. ते राहिले याचे एक कारण हेही आहे की त्या दोघा तरुणांनी मुंबईस परतून झाली हकिगत नीट सांगितली.

नगर शहरात १८६२ साली निधन पावलेल्या सिंथिया फॅरार यांचे नाव त्या मानाने आमच्या लोकांच्या कानी कमी पडते. अमेरिकन मिशनने हिंदुस्थानात पाठविलेली ही पहिली अविवाहित स्त्री. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरास राहिल्या, आणि मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालविणे हेच त्यांचे काम राहिले. शिक्षिका घडविण्याचे त्यांचे वर्ग नगरास चालत, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे तेथे घेतले असे सावित्रीबाईंचे चरित्रकार लिहितात. मराठी मुलींच्या शिक्षणाचा एक झरा आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी होता, हे आमच्या धर्मग्रामातील मास्तरीणबाईंनी मुलींना अवश्य सांगावे.

आता ज्या कबरेपाशी आम्हांस अधिक वेळ थांबावयाचे आहे ती केडगावची. आमच्याकडील वाचकांस केडगाव म्हटले की नगरला लागून असलेले केडगाव आठवेल. ते हे नव्हे. श्रीरामपुरास आगगाडीत बसून नगर, दौंड करीत पुण्याची वाट धरली म्हणजे दौंड सोडल्यावर जे केडगाव लागते, ते हे. तेथील मुक्ती मिशनच्या आवारात पंडिता रमाबाई चिरनिद्रा घेत आहेत. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत झाला. तेव्हा कॅथोलिक स्मरणिकेत त्यांचे प्रयोजन काय, असा प्रश्न एखाद्या वडील वाचकाच्या मनात येईल. त्यांनी पुढील मजकूर वाचावा आणि मग आम्हांस दोष द्यावा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान; पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला होता. तीर्थयात्रा व पुराणकथन करीत हे कुटुंब देशभर हिंडे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला, गाठीचे संपले, भीक मागण्याची लाज वाटे, मोलमजुरीची सवय नव्हती. रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. मरणापूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, आणि संन्याशाच्या देहास अग्नी देत नाहीत, त्यास पुरतात. पण प्रेत उचलावयास कोणी येईना. तेव्हा रमाबाईंच्या भावाने, श्रीनिवासाने, वडिलांचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि एकट्याने दोन मैल वाहून नेऊन पुरला.

काही आठवड्यांतच आई लक्ष्मीबाई गेल्या. तापात पडल्या असता त्यांस बाजरीच्या भाकरीची इच्छा झाली. रमाबाई शेजारच्या घरी मागावयास गेल्या, परंतु तोंडातून शब्द निघेना. त्या घरच्या बाईने चेहरा पाहूनच भाकर दिली. ती भाकर आईच्या पोटात गेली नाही. स्मशान तीन मैलांवर. पुष्कळ विनवण्या केल्यावर दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा देणारा कोणी नाही म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी पडली, खांदा पोचेना. तेव्हा तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली व तीन मैल चालल्या.

हे सर्व त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेविले आहे, आणि आम्हांस वाटते, त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली येथेच आहे. आईबापांमागून थोरली बहीण पटकीने गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली दिली होती, परंतु तेवीस वर्षांच्या वयात त्यांच्याजवळ आपले असे माणूस म्हणून राहिली ती दहा महिन्यांची मुलगी मनोरमा.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे, म्हणून तो झटपट सांगतो. इंग्लंड, तेथून अमेरिका, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक, १८८९ साली मुंबईस शारदा सदनाची स्थापना व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविणे. मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना गोळा करून आणू लागल्या. फळझाडांच्या उत्पन्नासाठी केडगावास घेतलेली जमीन होती. तेथे आधी राहुट्या, मग छपरे, मग इमारती उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेस तीनशेच्या सुमारास मुली होत्या. १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळानंतर गुजराथ-राजपुतान्याकडूनही मुली आल्या व आश्रमाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, माग बसविले, छापखाना घातला. अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. ज्या मुलींना स्वतःचे नावही धड सांगता येत नव्हते त्या खिळे जुळवू लागल्या.

छप्पन्नच्या दुष्काळाची आठवण आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून ज्यांनी ऐकली आहे त्यांस अधिक सांगणे नलगे. येशूसंघीय धर्मगुरू नगर जिल्ह्यात १८७८ च्या सुमारास आले, तेही एका महादुष्काळाच्या मागोमाग. आमच्या या भागातील कित्येक कुटुंबांचा ख्रिस्ती इतिहास गावकुसाबाहेरच्या झोपडीपासून आणि रिकाम्या कणगीपासूनच सुरू होतो. केडगावास आणलेल्या मुलींत अनेक जणी इतक्या क्षीण होत्या की अन्न समोर असूनही त्या वाचल्या नाहीत. त्यांनाही तेथेच माती मिळाली. रमाबाईंच्या कबरेची चौकशी करणारे आजही पुष्कळ येतात. त्या मुलींची चौकशी करणारे कोणी उरलेले नाही. परंतु एक गोष्ट खरी: त्यांपैकी एकीलाही धोतरात गाठोडे बांधून एकट्याने वाहून नेण्याचा प्रसंग आला नाही. चौथ्या खांद्यावाचून अडलेल्या त्या मुलीने दोन हजार मुलींस बहिणी मिळवून दिल्या होत्या.

१९०४-०५ च्या सुमारास रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे हिब्रू व ग्रीक मुळांवरून मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृत जिभेवर नाचत असता त्यांनी मुद्दाम अडाणी बायकांस कळेल अशी भाषा वापरली. अठरा-एक वर्षे हे काम चालले. १९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी वारल्या. आईचे काम पुढे चालविणारी ती एकच. रमाबाईंनी अखेरची मुद्रिते तपासून पुरी केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

रमाबाईंच्याच नात्यातील एका मुलीची गोष्ट येथे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. आनंदीबाई जोशी या कल्याणच्या. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाले. अमेरिकेत फिलाडेल्फियास जाऊन १८८६ च्या मार्च महिन्यात त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली, तेव्हा त्या समारंभास रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. पदवी घेऊन आनंदीबाई स्वदेशी परतल्या त्या क्षयाने जर्जर होऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यास वारल्या. त्यांचे दहन झाले. परंतु अमेरिकेत ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांस पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळले होते, त्यांच्याकडे गोपाळरावांनी रक्षा पाठवून दिली; आणि हडसन नदीकाठच्या पकीप्सी या गावी कार्पेंटर कुटुंबाच्या कबरींच्या रांगेत ती पुरून वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा केला गेला. दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या देशाची मुलगी आपल्या घरच्या मृतांत घेणाऱ्या त्या बाईचे आम्हांस फार कौतुक वाटते. मराठी मुलखापासून हजारो मैलांवर आज मराठी वाटसरू ते नाव वाचतात, ते तिच्यामुळे.

परदेशी माती मिळण्याचे भय मात्र माणसाच्या मनातून सहजी जात नाही. आपल्या धर्मसभेतील संत मोनिका यांनाही ते होते. आफ्रिकेतील थागास्ते गावी पतीच्या शेजारी आपणास पुरावे म्हणून त्यांनी जागा राखून ठेविली होती. ३८७ साली पुत्र ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा झाल्यावर मायलेक घरी निघाले असता रोमजवळील ओस्तिया बंदरात मोनिकाबाई तापाने पडल्या. आईला परक्या ठिकाणी पुरावे लागणार म्हणून दुसरा मुलगा हळहळला, तेव्हा त्यांनी त्यालाच दटावले: या देहाचे काय वाटेल ते करा, वेदीपाशी माझी आठवण ठेवा म्हणजे झाले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. छपन्नाव्या वर्षी त्यांस ओस्तियास माती मिळाली. पुढे १४३० साली त्यांचे अवशेष रोमास नेण्यात आले. आणि १९४५ साली काय झाले पाहा: ओस्तियाच्या देवळाशेजारील अंगणात खेळणाऱ्या मुलांनी खेळासाठी खांब रोवावा म्हणून खड्डा खणला, तो संगमरवराचा एक तुकडा वर आला. त्यावर मोनिकाबाईंच्या कबरेवरील लेखाचा भाग होता. साडेपंधराशे वर्षे तो दगड मातीत होता, पण त्यापायी त्यांची आठवण एक दिवसही खंडली नव्हती, कारण मुलाने ती लिहून ठेविली होती.

आता पुन्हा आमच्या अर्ध्या पानाकडे येतो. आमच्या कबरस्तानात ग्रंथकार नाहीत, पंडिता नाहीत, डॉक्टर नाहीत. झाडाखाली पाटी-पेन्सिल घेऊन बसणारे आणि फादर महिना महिना न आले तरी रविवारची प्रार्थना न चुकविणारे मास्तर आहेत. दुसऱ्यांच्या उसात राबून पोरांना बोर्डिंगात धाडणाऱ्या बाया आहेत. अवेळी बोलावणे आले तरी कंदील घेऊन निघणाऱ्या सुइणी आहेत. आणि या सर्वांच्या कबरी ज्यांनी खणल्या तेही, शेवटी दुसऱ्या कोणी खणलेल्या कबरेत, आहेतच. त्यांतील कित्येकांची नावे आम्हांस ठाऊक आहेत. परंतु त्यांची कबर कोणती हे विचाराल तर आमचे बोट दोन-तीन उंचवट्यांवरून फिरते.

हे बोट आणखी वीस वर्षांनी कोठेच ठरणार नाही. जागा अपुरी पडते म्हणून जुन्या ठिकाणी नवी कबर खणणे ही बहुतेक धर्मग्रामांतील रीत आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. ज्या घरात आजोबा निजले तेथेच नातू निजतो. वावगे आहे ते इतकेच की जुन्याचे नाव कोणी उतरून घेत नाही. अमका उंचवटा अमक्याचा, हे निश्चयाने सांगू शकणारी म्हातारी माणसे आमच्यात आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. महोत्सवाच्या मंडपास, रोषणाईस, बँडास वर्गणी जमली. ती जमावी हे योग्यच. पण या म्हाताऱ्या माणसांस हाताला धरून एकदा कबरस्तानात न्यावे, यास वर्गणीही लागत नाही, आणि ते अजून झालेले नाही. यात आम्हीही दोषी आहोत.

धर्मसभेने ही व्यवस्था फार पूर्वी लावून दिली आहे. पोप पाचवे पॉल यांच्या काळी, १६१४ साली, निघालेल्या रोमन विधिग्रंथात धर्मगुरूने ठेवावयाच्या वह्यांत बाप्तिस्मा व विवाह यांच्या जोडीला मृतांचीही वही सांगितली आहे. आजच्या धर्मसभेच्या कायद्यातही ती आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी वही उघडावी लागते, लग्न ठरले की उघडावी लागते. मृतांची वही मात्र क्वचित कोणी मागतो. ज्यांचे दगड बोलत नाहीत त्यांच्यासाठी तीच एक साक्ष आहे. मृत भक्तांच्या स्मरणाचा दिवस, २ नोव्हेंबर, हा क्लुनीच्या मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांत सुरू केला आणि तो सर्वत्र पसरला. त्या दिवशी आपण कबरी सारवतो, झेंडूची फुले घालतो, मेणबत्त्या लावतो, फादर पवित्र पाणी शिंपडीत फिरतात. त्याच दिवशी प्रत्येक घरातील एका जाणत्या माणसाने वही घेऊन उभे राहावे, आपल्या कबरींची जागा दाखवावी, आणि नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, मूळ गाव व आठवत असेल तर साल, एवढे लिहून फादरांच्या हाती द्यावे. साल आठवत नसेल तर अमक्या पुराच्या वर्षी, अमक्या साथीत, असे लिहिले तरी चालेल. आपल्या म्हाताऱ्या तसेच सांगतात. ‘आई’ असे लिहिलेला दगड ज्यांचा असेल त्यांनी तर आम्हांस आधी भेटावे.

आमच्या वहीतील अर्धे पान आम्ही येथे छापीत नाही. त्यात ज्यांची नावे आली ती आली, आणि ज्यांची राहिली त्यांच्या मुलानातवंडांस ही स्मरणिका हाती घेताना वाईट वाटेल. त्याऐवजी या लेखापुढील एक पान कोरे सोडावे, अशी विनंती आम्ही संपादक मंडळास केली व ती त्यांनी मान्य केली आहे. ते पान प्रत्येक घराने आपल्या मृतांसाठी भरावयाचे आहे. नावे शाईने लिहावीत. पेन्सिलीची अक्षरे फार काळ टिकत नाहीत.